न वाचता दिलेली रजामंदी आणि गिऱ्हाइकाची अमानत

दौंड तालुक्यातील खुटबाव हे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचे, यवत आणि केडगाव यांच्या मधले लहान स्टेशनाचे गाव. या भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस होतो आणि दुकानदारी उसाच्या पैशाच्या चालीने चालते. गिऱ्हाईक उधारीवर नेते आणि उसाचे बिल आले की फेडते. त्यामुळे शिंपी असो, वेल्डिंगवाला असो की किराणा दुकानदार, उधारीची वही हा त्याचा अर्धा धंदा असतो.

तेथील आमच्या परिचयाच्या एका शिलाईकाम करणाऱ्या बांधवाने ही वही मोबाईलवर घेतली. पुतण्याने एक फुकटचे ॲप टाकून दिले. ॲपने चार-पाच वेळा काहीतरी विचारले, आणि प्रत्येक वेळी या बांधवाने 'मान्य आहे' किंवा 'परवानगी द्या' यावर बोट टेकवले. मग गिऱ्हाइकांची नावे आणि बाक्या भरल्या.

चौथ्या दिवशी गावातील एक विधवा बाई दुकानात आली. तिच्या ब्लाऊजच्या शिलाईचे ३५० रुपये बाकी होते. तिच्याजवळ फोन नसल्याने तिने जावयाचा नंबर देऊन ठेवला होता. जावयाच्या फोनवर दुकानाच्या नावासह संदेश गेला की आपल्याकडे ३५० रुपये येणे आहे. बाई एवढेच म्हणाली, "भाई, पैसे मागायचे होते तर मला मागायचे. जावयाला कशाला सांगितलं?" तिने पैसे ठेवले आणि गेली. वीस वर्षांचे गिऱ्हाईक होते.

आमच्या बांधवाने कोणालाही संदेश पाठवला नव्हता. फोन बिघडला असे समजून तो आमच्याकडे आला. आम्ही दोघांनी बसून त्या ॲपच्या अटी उघडल्या. इंग्रजीत लांबलचक मजकूर होता. त्यातील एका कलमाचा अर्थ असा होता की, वापरणारा आपल्या गिऱ्हाइकांना त्याच्या वतीने बाकीच्या आठवणीचे संदेश पाठवण्याची परवानगी कंपनीला देत आहे. दुसऱ्या कलमात लिहिले होते की, ज्यांचे नंबर भरले जात आहेत त्यांची संमती वापरणाऱ्याने आधीच घेतलेली आहे असे धरले जाईल.

म्हणजे चोरी झाली नव्हती. आमच्या बांधवाने रजामंदी दिली होती आणि ती न वाचता दिली होती. त्याहून मोठी गोष्ट ही की, त्याने स्वतःचीच नव्हे, तर गावातल्या दीडशे माणसांची रजामंदी परस्पर देऊन टाकली होती.

या लेखात आम्हाला हीच एक गोष्ट सांगायची आहे. 'माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखे काय आहे?' असे आपले अनेक व्यापारी बांधव म्हणतात. बंधूंनो, आपल्या फोनमध्ये आपले थोडे आणि लोकांचे पुष्कळ असते.

कागद एक नाही, तीन आहेत

'मान्य आहे' हे बटण एकच दिसते, पण त्याच्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या की निम्मे काम झाले.

पहिली, वापराच्या अटी. हा आपण आणि कंपनी यांच्यातील करार होय. कंपनी काय देणार, काय देणार नाही, नुकसान झाले तर जबाबदारी कोणाची, तंटा झाला तर कोणत्या शहरात जावे लागेल, खाते केव्हा बंद करता येईल, हे यात असते.

दुसरी, गोपनीयता धोरण. आपली कोणती माहिती घेतली जाते, कशासाठी, कोणाला दिली जाते, किती दिवस ठेवली जाते आणि पुसून कशी मिळेल, हे यात असते.

तिसरी, फोनची परवानगी. फोनमधील नंबरांची यादी, संदेश, ठिकाण, कॅमेरा, माईक, फोटो ही एकेक खोली आहे असे समजा. परवानगी देणे म्हणजे त्या खोलीची किल्ली देणे. धोरणात काहीही लिहिलेले असो, किल्ली न दिल्यास खोली उघडत नाही. म्हणून इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्याही हातात ही तिसरी गोष्ट पूर्णपणे असते.

बटण दाबले म्हणजे 'काही सही तर केली नाही' असे समजू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम १०-अ नुसार, करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो रद्द ठरत नाही. आपले बोट ही आपली सही आहे.

कलमे कशी वाचावीत

सगळा मजकूर वाचणे कामाच्या माणसाला शक्य नसते, हे आम्हालाही कळते. परंतु कापड घेताना आपण सगळा तागा उलगडत नाही. काठ पाहतो, पोत पाहतो, रंग जातो का ते पाहतो. तसेच येथेही पुढील सहा प्रश्न विचारावेत आणि तेवढ्यांची उत्तरे शोधावीत.

१. हे घेतात काय? 'आम्ही गोळा करतो ती माहिती' अशा मथळ्याखाली यादी असते. उधारीच्या वहीला नाव, नंबर आणि रक्कम लागते. त्या यादीत ठिकाण, संदेश, फोटो दिसले तर थांबावे आणि विचारावे की हिशेबाला याची गरज काय?

२. कशासाठी घेतात? 'सेवा सुधारण्यासाठी' किंवा 'आपला अनुभव चांगला करण्यासाठी' हे शब्द फार सैल आहेत. त्यात काहीही बसते. 'बिल तयार करण्यासाठी' हे स्पष्ट आहे. कारण जितके सैल, तितकी शंका अधिक घ्यावी.

३. कोणाला देतात? 'भागीदार', 'सहयोगी कंपन्या', 'तृतीय पक्ष' हे शब्द शोधावेत. तृतीय पक्ष म्हणजे आपण आणि कंपनी सोडून तिसरा कोणीही. जाहिरातवाले, कर्ज देणारे, माहितीचा व्यापार करणारे यात येऊ शकतात. उधारीचे ॲप फुकट का, याचे उत्तर बहुधा याच परिच्छेदात सापडते. दुकानाची उलाढाल किती आणि कोणत्या महिन्यात हात तंग असतो, ही माहिती कर्ज विकणाऱ्याला सोन्यासारखी असते.

४. अटी बदलल्या तर? 'आम्ही वेळोवेळी बदल करू. आपण सेवा वापरत राहिलात तर ते मान्य समजले जातील' असे कलम जवळजवळ सगळीकडे आढळते. म्हणजे आज वाचलेला कागद उद्या तोच असेल असे नाही. बदलाचा संदेश आला की तो न उघडता पुसू नये.

५. नुकसान झाले तर? 'सेवा आहे त्या स्थितीत दिली जात आहे' याचा अर्थ असा की आपली वही पुसली गेली तरी कंपनी भरपाई देण्यास बांधील नाही असे तिचे म्हणणे आहे. म्हणून हिशेबाची प्रत कागदावर किंवा दुसरीकडे ठेवलीच पाहिजे.

६. बाहेर कसे पडावे? ॲप फोनवरून काढून टाकले म्हणजे माहिती गेली, हा मोठा गैरसमज आहे. दुकानाची पाटी उतरवली म्हणून सावकाराच्या वहीतले नाव पुसले जात नाही. खाते बंद करण्याची आणि माहिती पुसण्याची विनंती वेगळी करावी लागते. ती कशी करायची हे धोरणाच्या शेवटी असते.

गुगलच्या प्ले स्टोअरमध्ये २०२२ पासून प्रत्येक ॲपच्या पानावर 'डेटा सुरक्षितता' असा भाग असतो. काय गोळा होते आणि काय दुसऱ्याला दिले जाते, ते तेथे थोडक्यात लिहिलेले असते. ॲप उतरवण्यापूर्वी ते दोन मिनिटांत वाचून होते. मात्र हे ॲपवाल्याने स्वतःच लिहून दिलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

नंबरांची यादी दिल्याने काय होते

नंबरांची यादी देण्याचा परिणाम आपल्या देशाने मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या ॲपच्या बाबतीत पाहिला आहे. व्याजाचा प्रश्न स्वतंत्र आणि गंभीर आहे. येथे आपण केवळ माहितीचा विचार करीत आहोत. या ॲपनी कर्ज देताना फोनमधील सगळे नंबर घेतले, आणि हप्ता चुकला की नातेवाईक, शेजारी, गिऱ्हाईक यांना फोन करून कर्जदाराची बेअब्रू केली. रिझर्व बँकेने नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. त्यात जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये आढळलेल्या सुमारे ११०० कर्ज-ॲपपैकी सुमारे ६०० बेकायदा असल्याचे नमूद होते.

त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व बँकेने नियम घालून दिले की, अशा ॲपनी फोनमधील फाइली, फोटो, नंबरांची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये. कॅमेरा, माईक किंवा ठिकाण लागलेच, तर ओळख पटवण्यापुरते, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. मे २०२५ च्या निर्देशांतही हीच भूमिका कायम राहिली. म्हणून कर्जाच्या नावाने कोणी नंबरांची यादी मागितली, तर तेवढ्यावरूनच त्याची पारख करावी. नियमाने चालणारा ती मागत नाही.

ठिकाण दिल्याने काय होते

दुसरे उदाहरण आपल्या समाजाला अधिक जवळचे आहे. नमाजच्या वेळा आणि किबल्याची दिशा दाखवणारे 'मुस्लिम प्रो' हे ॲप जगभर कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकन वृत्तसंस्थेने बातमी दिली की, हे ॲप वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार होते. बातमीनंतर 'मुस्लिम प्रो'ने त्या कंपनीशी संबंध तोडले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या माहिती-व्यापारी कंपनीवर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी घालणारा आदेश पुढे आणला.

किबला पाहण्यासाठी ठिकाण लागते, हे खरे. म्हणजे मागणी रास्त होती. पण रास्त कामासाठी घेतलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावली गेली. म्हणून 'घेतात काय' याबरोबर 'देतात कोणाला' हा प्रश्न सोडू नये, मग ॲप धार्मिक असो की धंद्याचे. ठिकाणाची परवानगी देताना फोन 'केवळ ॲप वापरताना' असा पर्याय देतो, तोच निवडावा. गावाचे नाव हाताने भरता येत असेल तर त्याहून उत्तम.

कायदा कोठवर आला आहे

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की, खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नियम टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले असून, कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७ पर्यंतचा काळ, देण्यात आला. या कायद्यातील चार गोष्टी व्यापाऱ्याने पाठ कराव्यात.

एक, संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी आणि समजून दिलेली असली पाहिजे, आणि ती त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यानेच उदाहरण दिले आहे की, डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने नंबरांची यादी मागितली आणि माणसाने 'हो' म्हटले, तरी यादी त्या कामाला आवश्यक नसल्याने ती संमती सल्ल्यापुरतीच राहते.

दोन, संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे.

तीन, माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असला पाहिजे. त्या बावीस भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. म्हणून 'मराठीत द्या' असे मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

चार, माहितीच्या सुरक्षिततेत हयगय केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

मोठ्या कंपन्यांना कोणी विचारत नाही, असेही नाही. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये 'मान्य करा, नाहीतर सेवा सोडा' अशा पद्धतीने नवे धोरण आणले. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. फसवे बटण, आपोआप टोपलीत पडणारी वस्तू, सोडता न येणारी वर्गणी अशा तेरा प्रकारांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर, आणि पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० हा नंबर लगेच लावावा.

दीन काय शिकवतो

व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आपल्याला नवा नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे आणि ती देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे. तिच्यात एक बारकावा आहे. ज्याच्यावर देणे आहे, त्याने मजकूर सांगावा, आणि तो सांगू शकत नसेल तर त्याच्या बाजूच्या जबाबदार माणसाने न्यायाने सांगावा. ज्याच्यावर बोजा पडणार त्याला कागदात काय आहे ते ठाऊक असलेच पाहिजे, हा त्यातील धडा आम्हाला दिसतो. आज मजकूर सगळा घेणारा लिहितो आणि देणारा डोळे मिटून अंगठा लावतो. सूरह निसामध्ये व्यापार परस्परांच्या रजामंदीने व्हावा असे सांगितले आहे. जे कळलेच नाही त्याला राजी होणे कसे म्हणावे?

परंतु आम्हाला याहून मोठी वाटते ती अमानतीची बाब. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नुबुव्वतपूर्वीही मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत. हिजरतच्या वेळी, ज्या मक्केत त्यांच्या जिवावर लोक उठले होते, त्याच मक्केतील लोकांच्या अमानती परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. गिऱ्हाइकाने आपल्याला दिलेला नंबर, माप, पत्ता, त्याची बाकी, त्याची अडचण, या सगळ्या अमानतीच आहेत. शिंप्याला घराघरातले माहीत असते. डॉक्टर, सोनार, न्हावी, मोबाईल दुरुस्त करणारा यांनाही माहीत असते. त्यावर पडदा ठेवणे ही त्यांच्या धंद्याची इज्जत आहे. एका बोटाच्या स्पर्शाने तो पडदा उघडा पडत असेल तर 'मला माहीत नव्हते' एवढे उत्तर पुरेसे होईल का, याचा प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी विचार करावा.

या आठवड्यात करावयाचे काम

पहिले काम: फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'परवानग्या' उघडाव्यात. नंबरांची यादी, संदेश, ठिकाण, माईक या चार किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते पाहावे. ज्याला गरज नाही त्याची किल्ली काढून घ्यावी. ॲप त्यानंतरही चालले, तर ती किल्ली त्याला लागत नव्हती हे सिद्ध झाले.

दुसरे काम: जी ॲपे वापरात नाहीत त्यांतील खाते आधी बंद करावे आणि मग ॲप काढावे.

तिसरे काम: हिशेबाच्या ॲपमध्ये आपोआप जाणारे संदेश बंद करावेत. ज्या गिऱ्हाइकाला संदेश चालतो, त्यालाच पाठवावा आणि तोही विचारून.

चौथे काम: नंबर लिहून घेताना गिऱ्हाइकाला एक वाक्य सांगावे की हा नंबर कशासाठी घेतला आहे. आणि नंबर कोणाचा आहे, हेही विचारावे.

पाचवे काम: दुकानातील फोन मुलाच्या किंवा कामगाराच्या हातात असेल तर त्यालाही हे समजावावे. खुटबावमध्ये बोट आमच्या बांधवाचे होते, पण ॲप निवडले पुतण्याने होते.

तो बांधव पुढे काय करता झाला, हेही सांगितले पाहिजे. आपोआप जाणारे संदेश त्याने त्याच दिवशी बंद केले. गिऱ्हाइकांची नावे कागदाच्या वहीत उतरवून घेतली आणि खाते बंद करण्याची विनंती पाठवली. आठ दिवसांनी माहिती पुसल्याचे उत्तर आले. मग तो त्या बाईच्या घरी गेला आणि झाले ते सांगून माफी मागितली. बाईने ऐकून घेतले आणि चहा दिला. दुकानात ती अजून आलेली नाही. शिवायला कपडे झाले की येईल, असे तो म्हणतो, आणि तिच्या मापाचे पान त्याने वहीत तसेच ठेवले आहे.